अर्ध्या तासानंतरची सभा

पिरनवाडी मागं टाकून आत गेलं की एक गाव लागतं. तिथं नाटकात सगळ्यात जास्त वाक्यं कोण बोलतं असं विचारलं, तर लोक मालुबाईचं नाव सांगतील. आणि मालुबाई कुठल्याच खेळात रंगमंचावर एकदाही आलेली नाही. तीस वर्षं ती उजव्या विंगेत, लाकडी पेटीवर बसून प्रॉम्प्टिंग करते. नायक घाम पुसायच्या निमित्तानं तिच्याकडं वळला की वाक्य त्याच्या कानात पडलेलंच असतं. असे घाम पुसणारे नायक या गावानं पुष्कळ पाहिले, आणि त्यांत पहिला नंबर परशराम आप्पांचा.

तेच आप्पा आता नाट्यमंडळाचे अध्यक्ष. माणूस सोन्यासारखा, पण दमलेला. पोरं कारखान्याच्या पाळ्यांना बांधलेली, पोरी बेळगावात नोकरीला. तालमीला राजा आला तर प्रधान नाही, प्रधान आला तर राजाची रात्रपाळी. यात्रा कमिटीलाही आता ऑर्केस्ट्रा हवा. दोन वर्षं पडदा उघडला नव्हता. तेव्हा मंडळ विसर्जित करावं आणि सभागृह लग्नकार्यालयाला द्यावं, असा ठराव आप्पांनी वार्षिक सभेपुढं ठेवला.

सूचना फळ्यावर लागली. खाली नेहमीचं वाक्य होतं : गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा अर्ध्या तासानं त्याच ठिकाणी घेतली जाईल, तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. या एका वाक्यानं आपल्याकडच्या कितीतरी संस्था जगवल्या, आणि तितक्याच मारल्या. सभासद घरी निवांत, कारण ते आले नाहीत तरी सभा होणारच. पाच माणसं जमून इतक्या वर्षांचं काम चहाबरोबर गिळून टाकतील, हे मालुबाईला स्पष्ट दिसलं आणि तिचं डोकं फिरलं.

रविवारी संध्याकाळी पाचला रंगमंचावर टेबल मांडून सभा बसली. पाच जण आले, सहावी मालुबाई. आप्पांनी घड्याळ पाहिलं.

"गणपूर्ती न्हाय. अर्धा तास तहकूब. चहा सांगा."

मालुबाई उठली ती थेट विंगेत गेली. नाटकाची पितळी घंटा तिथं टांगलेली होती. तिनं कर्णा चालू केला, माईक घंटेपुढं धरला आणि टोले दिले.

"मालू, अगं सभा हाय, नाटक न्हाय," आप्पा म्हणाले.

"मग अर्ध्या तासानं सभा हाय हे लोकास्नी कळाय नको व्हय आप्पा?"

पहिल्या घंटेला गाव हललं नाही. पहिल्या घंटेला हलायची इथं रीतच नाही. दुसरी झाली तेव्हा बायकांनी गॅस बारीक केला, पुरुषांनी शर्ट शोधले. तिसरी वाजली आणि गल्लीगल्लीतून माणसं निघाली. कुणाच्या डोक्यावर खुर्ची, कुणाच्या काखेत चटई. गुणाबाई तर खायला शेंगा बांधून आली.

"खेळ कुठला गं आक्का?" तिनं विचारलं.

मालुबाईनं माईक हातात घेतला. तिचा आवाज गावानं कधी मोठ्यानं ऐकलाच नव्हता.

"खेळ न्हाय. मंडळ बंद करायचं का, ह्याची सभा हाय. ह्या भिंतीला ज्या घरानं जांभ्याचं चिरं दिलं, ते घर सभासद. वही माझ्या पेटीत हाय, पर नावं मला पाठ हाईत. नागोजी, तुमच्या बानं पायाचं चिरं दिलं. गुणाबाई, तुमच्या सासूनं गाडीभर धाडलं हुतं."

ती नावं घेत गेली. लोक भिंतीकडं बघत राहिले. आपण सभासद आहोत हे निम्म्यांना ठाऊकच नव्हतं, आणि त्याची त्यांना लाज वाटली.

आप्पांना राग आला नाही, वाईट वाटलं. "समदं खरं हाय. पर तालमीला माणसं कुठनं आणू, तू सांग."

"पूर्णिमा, ऊठ गं."

पूर्णिमा बेळगावात बँकेत आहे. ती उठली आणि हातात कागद न घेता राणीचा अख्खा प्रवेश बोलून गेली. मग म्हणाली, "मालुआक्का रोज संवाद बोलून मोबाइलवर धाडतात. मी बसमधी ऐकतो, राजाचं काम करणारा स्वरूप कारखान्याच्या गाडीत. दोन महिनं झालं, समद्यांचं पाठ हाय. आता रविवारी तालीम घेतली तरी पुरे."

"आणि मला का न्हाय सांगितलंस?" आप्पांनी मालुबाईला विचारलं.

"तुमास्नी बी रोज धाडतोय आप्पा. तुम्ही उघडतच न्हाय."

सभा हसली. आप्पांनी मोबाइल काढून पाहिला आणि तेही हसले.

"बंद करायच्या बाजूनं कोण?" त्यांनी विचारलं. ठरावाला अनुमोदन देणारासुद्धा आपल्या चपलांकडं बघत बसला. "आणि चालू ठेवायच्या?" हात मोजायची गरज पडली नाही.

निकाल जाहीर करायला अध्यक्ष उभे राहिले. समोर भरलेलं सभागृह त्यांनी दोन वर्षांनी पाहिलं होतं. शब्द पळाले. त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि घाम पुसत उजव्या विंगेकडं वळले.

मालुबाई आपल्या पेटीवर जाऊन बसली होती.

"ठराव नामंजूर," ती हळूच म्हणाली.

"ठराव नामंजूर," आप्पा शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.