भावाच्या पाठीवरचं ऊन

माहेरच्या गच्चीवर आई सतरंजी सरकवते आहे. सतरंजीवर माझा धाकटा भाऊ बंडू उघड्या अंगानं, उन्हाकडे पाठ करून बसलाय. चाळिशी ओलांडली त्यानं. त्याला डाउन सिंड्रोम आहे. परवाच्या रक्ततपासणीत त्याचं डी जीवनसत्त्व आणि झिंक दोन्ही कमी आलं, तेव्हापासून ऊन सरकेल तशी आई सतरंजी सरकवते, वाळवणाला जपावं तशी. मधूनच भोपळ्याच्या बिया सोलून त्याच्या हातावर ठेवते.

माझंही डी कमी आलं होतं. आईला फोनवर सांगितलं, तर "गोळ्या घे हो," म्हणाली आणि बंडूच्या सर्दीचं सांगू लागली. मी गोळ्या घेतल्या. पुढच्या तपासणीत सगळं ठीक आलं, पण ते तिनं विचारलंही नाही.

पन्नाशीच्या बाईनं हेवा करावा तो कशाचा, तर भावाच्या पाठीवरच्या उन्हाचा. लाज वाटते, पण वाटतो खरा. शहाण्या मुलांची काळजी नसते, असं सगळे कौतुकानं म्हणतात. म्हणूनच बहुधा ती कुणी करत नाही.

बंडूनं मला पाहिलं आणि सरकून जागा केली. "ताई, बस." मी बसले. त्यानं दोन बिया माझ्या हातावर ठेवल्या. पाठ हळूहळू तापू लागली.

"अगं, जरा पलीकडे हो," आई म्हणाली. "त्याच्यावर सावली पडतेय तुझी."

मी उठले. बिया मात्र परत दिल्या नाहीत.