आक्काताईंची सुई

रेवा, निहार — ही गोष्ट तुमच्या आजोबांनाही कळली नाही. तुमच्या आईला तर नाहीच. फोनवर सांगता आली असती, पण मला माझी सवय माहीत आहे — मध्येच तुम्हाला जेवलात का विचारून मी विषय बदलला असता. म्हणून लिहिते आहे. सावकाश वाचा.

माझ्या संशयी स्वभावाला तुम्ही हसता. स्वयंपाकाच्या बाई गेल्या की मी डबे उघडून बघते. तुम्ही ताप नाही म्हणालात तरी थर्मामीटर कॅमेऱ्यासमोर धरायला लावते. नर्सिंगमध्ये तो गुणच समजतात. पेशंट म्हणतो गोळी गिळली — तरी जिभेखाली बघायचं. मी जन्मभर बघत आले. स्वतःकडे मात्र त्या नजरेनं कधी पाहिलं नाही.

निवृत्त झाल्यावर मी कोल्हापुरातल्याच एका लहानशा खासगी हॉस्पिटलात मधुमेहाच्या पेशंटांना शिकवायला जात असे. इन्सुलिन कसं टोचायचं, पायाची काळजी कशी घ्यायची, हे सगळं. माझं एक रजिस्टर होतं. त्यात शेवटचा रकाना — 'पेशंटने स्वतः करून दाखवले'. तो कधी कोरा राहिला नाही. माझ्या नीटनेटकेपणाचं सगळ्यांना कौतुक होतं.

आक्काताई आल्या त्या दिवशी एक वाजत आला होता. हुपरीच्या. साठीच्या, ठेंगण्या. घरीच गॅसच्या ज्योतीवर पैंजणांच्या कड्या जोडायचं काम करायच्या. सोबत मुलगा होता. त्यांना बस गाठायची होती, मला जेवायचं होतं. इन्सुलिनचं पेन मी माझ्याच हातात धरून दाखवलं. मागचं चाक फिरवून खिडकीत अठरा आकडा आणायचा. पोटाची कातडी चिमटीत धरून सुई घालायची. खिडकीत शून्य आलं की दहा मोजायचे, मग काढायची. आधी बटण दाबून दोन थेंब हवेत सोडून बघायचे असतात — ते मी गाळलं. टोचल्यावर बटण मी अंगठ्यानं दाबलं, पण 'दाबायचं' असं तोंडानं म्हणाले का? आठवत नाही. आठवत नाही, की आठवायचं नाही? मला माझाच संशय येतो.

कळलं का, विचारलं. "व्हय की," म्हणाल्या. मी पेन त्यांच्या हातात दिलं नाही. आणि रकान्यात खूण केली.

महिन्यानं त्या परत आल्या. साखर वाढलेली. मी पेन मागून घेतलं, उजेडात धरलं. पंधरा-सोळा दिवसांत संपायला हवं होतं, ते भरलेलंच होतं. मला काय झालं सांगू? आनंद झाला. चोर सापडल्याचा. मी मुलाला पेन दाखवलं — तुमची आई सुई घेत नाही, आणि घेतली म्हणून सांगते. फाइलवर इंग्रजीत तेच लिहिलं, खाली रेघ ओढून. डॉक्टरांनी माझी टीप वाचली आणि उपचार आहे तसेच ठेवले. माझ्या अक्षरावर कोण शंका घेणार?

मुलगा रांगेतल्या सगळ्यांसमोर म्हणाला, "म्हातारे, आमाला तर बनीवतीसच, आता सिस्टरलाबी?"

आक्काताई त्याच्याकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या. "रोज घेतोय की वं बाई."

घरी सुनेला पहाऱ्यावर बसवलं गेलं. गुळाचा डबा कुलपात गेला. लग्नाला नेलं तर जिलेबी खाईल म्हणून त्यांना नेणं बंद झालं. पुढच्या खेपेला सून स्वतः आली आणि म्हणाली की सासूबाई तिच्या डोळ्यांदेखत सुई घेतात. मी काय समजले? दोघी मिळाल्या आहेत. दोन माणसं एकच गोष्ट सांगतात तेव्हा ती खरीही असू शकते — एवढं साधं मला का सुचलं नाही? 'पेशंटला दोष देण्याआधी त्याच्याकडून करवून बघा' — हे मीच नर्सिंगच्या मुलींना वर्गात शिकवत असे.

तिसऱ्या महिन्यात काम करताना त्यांच्या पायावर ठिणगी पडली. त्यांना ती जाणवलीच नाही. जखम चिघळली आणि एक बोट काढावं लागलं. वॉर्डात नर्सनी इन्सुलिन दिलं तशी साखर उतरली. मला तर आणखी एक पुरावाच मिळाला.

घरी सोडायच्या दिवशी मी त्यांचं पेन घेऊन खाटेपाशी गेले. शिकवायला नव्हे — पकडायला. मुलगा कागदपत्रं करायला खाली गेला होता, सून सामान भरून बाहेर उभी होती. मी म्हणाले, आता माझ्यासमोर घ्या.

त्यांनी हात पुसले. सुई बसवली, टोपण काढलं, अठरा आणले. चिमूट धरली, टोचली. सगळं बरोबर. मग दोन बोटांनी मागचं चाक हळूहळू उलटं फिरवलं — कट्, कट्, कट् — शून्यापर्यंत. ओठांतल्या ओठांत दहा मोजले. सुई काढली.

"झालं," म्हणाल्या.

खिडकीत शून्य आलं होतं. मी सांगितलं होतं तसं. आणि औषधाचा एक थेंबही आत गेला नव्हता.

चूक माझी झाली, एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मी म्हणाले, "बटण दाबायचं असतं. मी सांगितलं होतं ना?"

त्या पेनकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सांगितलं आसंल बाई. माझंच ध्यान नसंल."

मुलगा वर आल्यावर मी त्याला सांगितलं, आता घेतील नीट, लक्ष ठेवा. फाइलवरची ओळ तशीच राहू दिली. रकान्यातली खूणही. बोट औषध पोटात न गेल्यामुळेच गेलं का, हे मी डॉक्टरांना कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर का विचारते हे सांगावं लागलं असतं.

मागच्या वर्षी ती सून मला मंडईत भेटली. तिनंच ओळखलं. सासूला ती आत्ती म्हणते. आत्ती दोन वर्षांपूर्वी गेल्या, म्हणाली. "शेवटपतोर म्हणत हुत्या बघा, मी घेतच हुतो, बटन दाबायचं तेवढं ऱ्हायलं. आमी हसायचो. माझ्यासमोर घेतल्यागत करायच्या, आन् मी भुलायचो. तुमी पेन दावलासा म्हणून कळलं."

स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं तिनं माझ्या शब्दावर खोटं मानलं होतं. ती माझ्यासमोर उभी होती, मला घाई नव्हती, आसपास ओळखीचं कुणी नव्हतं. मी म्हणाले, "पेशंट असंच सांगतात."

आक्काताईंनी तीन महिने रोज सुई टोचून घेतली. एक दिवस चुकवला नाही. हे मी तिला सांगितलं नाही.