एका किड्यासाठी लातूर ते माहूर

जायचं की नाही यावर आमच्या घरी आठवडाभर वाद चालला होता. "मरायला टेकलेला ओढा बघायला पेट्रोल जाळत कोण जातं गं?" हा नवऱ्याचा, म्हणजे प्रकाशचा, मुद्दा. खरं सांगायचं तर ओढा मेलेलाच दिसेल ही भीती मलाही वाटत होती. मी लातूरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि सुट्टी मिळाली की आपल्या भागातल्या ओढ्यांमधले किडे बघत हिंडते. हसू नका. दगडाच्या पोटाला चिकटून राहणारा, चपटा, तीन शेपट्यांचा एक किडा असतो. पाणी वाहतं आणि स्वच्छ असेल तरच तो टिकतो. मी बघत आले त्या एकेका ओढ्यातून तो नाहीसा झाला. उरला होता माहूरच्या डोंगरातला एकच ओढा. तोही गेला, तर आपल्याकडचा धडधाकट ओढा कसा असतो हे दाखवायला माझ्याजवळ काहीच राहणार नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी औशाकडे चक्कर मारली. तिथल्या एका ओढ्याचं खोलीकरण झालंय. पोकलेननं तळ उपसून सरळ चर काढलाय. विहिरींना पाणी आलं, लोक खूश आहेत, आणि त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही. पण दगडच राहिले नाहीत तर दगडाखाली कोण राहणार? कोमट, साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या तेवढ्या वळवळत होत्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे निघून अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठलं. रस्ता बरा आहे, मध्ये मध्ये काम चालू असल्यानं धूळ खावी लागते. नांदेडला तहरी, म्हणजे तिथला मसालेदार भात, खाल्ली. प्रकाशनं दोन प्लेटा संपवल्या, मी माझी अर्धी प्लेटही त्याच्याकडे सरकवली. पुढे भोकर, हिमायतनगर, किनवट असा रस्ता धरा आणि गाडीची टाकी नांदेडलाच भरून घ्या. किनवटच्या पुढे सागाची झाडं लागतात आणि हवा बदलते. एरवी मी इथं काच खाली करून बसते. यंदा मात्र पुलावरून जाताना प्रत्येक नाल्यात डोकावत होते. पाऊस एकदम धो धो कोसळून गेला होता आणि नंतर महिनाभर फिरकलाच नव्हता. बरेचसे नाले कोरडे होते.

माहूरला लॉज साधे आणि स्वच्छ मिळतात, फक्त नवरात्रात आणि पौर्णिमेला जाऊ नका. रेणुकामातेचं दर्शन घेतलं. काय मागितलं ते प्रकाशनं विचारलं नाही, त्याला माहीत होतं.

सकाळी गावात पोचलो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ओढ्याला लागून ज्यांचं शेत आहे ते शेषरावभाऊ बांधावर वाट बघत उभे होते. आठ दिवसांपूर्वी मी त्यांना फोन करून सांगितलं होतं, "भाऊ, पाणी तपासायला येतेय."

"या मॅडम! एकदम चकाचक करून ठेवलंय बघा," ते म्हणाले.

वास मला तिथंच आला.

"भाऊ, पाण्यात काय टाकलंत?"

"टीसीएल. ग्रामपंचायतीतून आणली पिशवीभर. काल सांजच्याला टाकली."

टीसीएल म्हणजे विहिरीत टाकतात ती ब्लिचिंग पावडर. गावात पाणी तपासायला माणूस येतो तो आरोग्य खात्याचा. नमुना नापास झाला की गावाला लाल कार्ड मिळतं. म्हणून तपासणीच्या आधी पावडर टाकायची, ही रीतच. शेषरावभाऊंनी माझ्यापुढे गावाची अब्रू राखायला तेच केलं होतं. मी डोहाच्या गुडघाभर पाण्यात उतरून दगड उलटायला लागले. खाली ते किडे होते, पण पांढरे पडलेले, सैल झालेले. हात लावला की सुटून वाहून जात होते. मला रडू आवरेना.

"ताई, किड्यापायी रडून राहिलात?" भाऊ घाबरून गेले. 'मॅडम'ची 'ताई' कधी झाले ते त्यांनाही कळलं नसेल. मी सगळं सांगितलं. ते डोक्याला हात लावून बसले. "किडे हायत म्हंजी पाणी खराब, असंच ठाव हाय आम्हाला. तुमच्यापुढं गावाचं नाव खराब नको म्हनलं."

रागवायचं कोणावर?

"वरच्या अंगाला टाकली नाही ना?" प्रकाशनं विचारलं. पहिल्यांदाच त्याला ओढ्याची काळजी वाटलेली मी पाहिली.

"न्हाई. हितं डोहातच."

मग आम्ही तिघं ओढ्यानं वर चढत गेलो. पाणी मध्येच गडप व्हायचं, पुन्हा खडकातून बोटभर झिरपायचं. आम्ही एकेक दगड उलटत होतो. अगदी वर, उंबराच्या सावलीत, एका दगडाखाली काहीतरी सरकन पळालं. तीन शेपट्या. मग आणखी एक. पाणी वाहतं राहिलं तर हे खाली येतील, डोह पुन्हा त्यांनी भरेल. धार आधीच आटली तर नाही येणार. मी भाऊंना तो किडा नीट दाखवला आणि दगड होता तसा ठेवला.

घरी येऊन आता दीड महिना होतोय. नळ सोडला की तोच वास येतो. लहानपणापासून हा वास आला की पाणी चांगलं, असं मी धरून चालले होते. आता डोहातले ते पांढरे पडलेले किडे आठवतात.

भाऊ रोज सकाळी डोहातला एक दगड उलटतात आणि मला फोटो पाठवतात. ओला, रिकामा दगड. खाली लिहिलेलं असतं, "आज न्हाई. उद्या बघतो." चहा घेता घेता प्रकाशही माझ्या मोबाईलमध्ये डोकावतो.

काल फोटो आला नाही. धार आटली असणार, असं धरून मी दुपारी फोन लावला.

"दगड उचलला ताई," भाऊ म्हणाले, "खाली कायतरी हाललं. फोटो काढायचा म्हनलं तर उन्हात धरावं लागतंय. मरंल बिचारं. तसाच ठिवला."

"शेपट्या किती होत्या?"

"मोजाया थांबलोच न्हाई."