विटोमिरकाकांच्या खाचा

विटोमिरकाका माझ्या गॅरेजात पाय ठेवतात तेव्हा आधी भिंतीवर टांगलेले सुटे भाग निरखतात, मग मला. चाळीस वर्षं वनरक्षक म्हणून लाकूडचोरांच्या मागे फिरले, आता सगळी दुनियाच त्यांना चोर दिसते. आमच्या या सर्बियन डोंगरात कॉफी आणि घोटभर राकिया, म्हणजे फळांची कडक दारू, झाल्याशिवाय कुणी पान्याला हात लावत नाही. काका माझी राकिया घेतात, पण मी प्यायल्यावर.

गाडीचा कुठलाही भाग दुरुस्तीला आणायचा तर त्यावर लोखंड कापायच्या करवतीने खाच पाडूनच आणतात. मी बदलला तर कळावं म्हणून. मला याचा भयंकर राग येतो, आणि तो येण्याचा मला काडीचाही हक्क नाही. देशावर व्यापारबंदी होती त्या वर्षांत बाहेरून काही मिळत नव्हतं, तेव्हा मी त्यांचा चांगला कार्ब्युरेटर काढून दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकला आणि त्यांच्या गाडीला एक जुना घासूनपुसून बसवला. काका पैसे देऊन गाडी घेऊन गेले. पुढच्या खेपेपासून खाचा सुरू झाल्या. त्यांना कळलंय का, हे विचारायची हिंमत मला आजवर झाली नाही.

गेल्या शुक्रवारी ते मोटारसायकल घेऊन आले. शेजारच्या साइडकारमध्ये ल्युबिंकाकाकू. मागच्या ब्रेकचं पेडल इतकं लोंबत होतं की सायलेन्सरला टेकत होतं. काढून पाहिलं तर खिळीचं भोक झिजून अंड्यासारखं झालेलं.

"नवा बुश बसव आणि दे," काका म्हणाले. "उद्या बाजार आहे."

बाजार म्हणजे काकू, चीजचे डबे आणि मठापासून नदीकडे जाणारा तो उभा उतार.

बुश, म्हणजे भोकात बसणारी धातूची नळी, लेथवर करून बसवला. पण पेडल पुसताना मला संशय आला. रॉकेल लावलं, कोरडं पुसलं, वरून खडू घासला; तडा असला तर आत मुरलेलं रॉकेल खडूत उतरतं. जुन्या खाचेपासून एक काळी रेघ उमटली. तडा! बोटभर लांब.

"काका, हे मोडणार. वेल्डिंग करावं लागेल."

"पेन्सिलने काढलीस रेघ."

"मी?"

"मग काय मी?" त्यांनी फडकं हिसकावून घेतलं, स्वतः पुसलं, स्वतः खडू घासला. रेघ पुन्हा आली. त्यांनी ती नखाने खरवडून पाहिली.

"वेल्डिंग केलंस की खाच बुजणार," ते शेवटी म्हणाले. "मग हे माझंच पेडल, हे मी कशावरून ओळखू?"

"अहो, खाचेमुळेच तडा गेलाय!"

"तू असं म्हणणारच. आहे तसं लाव."

साइडकारमधून काकू कडाडल्या, "लावा की! उद्या उतारावर मी चीजसकट नदीत. तुम्ही काठावर बसून माझे तुकडे मोजा, एखादा कुणी बदलला तर नाही ना!"

काका शेजारच्या स्टुलावर जाऊन बसले. त्या बाईने दर इस्टरला माझ्या घरी सणाची रंगवलेली लाल अंडी पाठवली आहेत. ती मरेल, आणि माझ्या चोरीमुळे मरेल. मी पेडल खाली ठेवलं.

"काका, कार्ब्युरेटर मी बदलला होता. त्या वर्षी. मी चोर आहे, कबूल. हवं ते करा, पण हे वेल्डिंग करू द्या."

काकूंनी तोंडावर हात ठेवला. काका मात्र स्टुलावरून उठलेसुद्धा नाहीत.

"माहीत आहे," ते म्हणाले. "त्याच दिवशी कळलं होतं."

"मग इतकी वर्षं माझ्याकडेच का येता? गावात आणखी दोन मेकॅनिक आहेत."

काकांनी भुवया उंचावल्या, जणू मी काही मूर्खासारखं विचारलं.

"ते काय चोरतात ते मला ठाऊक नाही, तिहोमिर. तुझं ठाऊक आहे." आणि पेडल माझ्यापुढे सरकवलं. "कर वेल्डिंग."