मोहाखालचं घड्याळ

आरमोरीजवळच्या एका लहान गावात मी मास्तर होतो, तेव्हाची ही गोष्ट. ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. मी मूळचा सावली गावचा, धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातशेतीत वाढलेला. शाळेच्या मागच्या भिंतीपासूनच जंगल सुरू होतं, हे मला नवीन होतं. मोहफुलं पडू लागली की बाया पहाटेच टोपल्या घेऊन निघायच्या, आणि परत आल्यावर विहिरीवर एकच विषय: आज अस्वलानं कोणाच्या झाडाखालची फुलं खाल्ली. मी अस्वल कधी पाहिलं नव्हतं. समोरासमोर पाहायची हिंमतही नव्हती. पण फोटोत पाहायला काय हरकत होती?

वडशाला माझ्या मित्राचा फोटो स्टुडिओ होता. हिवाळ्यात गावोगाव नाटकं व्हायची, त्या नाटकवाल्यांचे फोटो काढता काढता त्याला जेवायला फुरसत नसे, उन्हाळ्यात मात्र तो माशा मारत बसे. अस्वलाकडूनच त्याचा फोटो काढून घ्यायची माझी कल्पना ऐकून तो उठूनच उभा राहिला. त्याने काउंटरवर तीन कॅमेरे मांडले. मी सगळ्यात देखण्या कॅमेऱ्याला हात घातला.

"ठेव तो खाली," तो म्हणाला. "त्याचं बटन दाबा लागते. अस्वल काय बोटानं बटन दाबणार हाये?"

त्याने मला एक जुना काळा डबडा कॅमेरा दिला. त्याला बाजूला खटका होता. खटक्याला दोरी बांधून ओढली की फोटो निघायचा. "अस्वलानं चावला तरी दुःख नाई," मित्र म्हणाला. अंधारासाठी फ्लॅशगन दिली, आणि ती सकाळपर्यंत टिकावी म्हणून त्याने टॉर्चचे मोठे सेल एका पत्र्याच्या डब्यात बसवून जोडून दिले. दव लागू नये म्हणून वरून प्लास्टिकची पिशवी. जंगलखात्याच्या नाकेदाराला मी आधी विचारून घेतलं. त्याने खुशाल लावा म्हटलं, फक्त एक फोटो आपल्यालाही पाहिजे म्हणाला.

मोहाकडे जाणाऱ्या पायवाटेवर मी आडवी दोरी बांधली. रोज संध्याकाळी कॅमेरा लावायचा, सकाळी काढून फिल्म पुढे सरकवायची. बारा फोटो झाल्यावर रोल घेऊन वडशाला गेलो. धुऊन पाहिलं तर एक कुत्र्याचं शेपूट, सशाचे दोन कान, बाकी नुसता पाला, आणि एका फोटोत माझ्या खोलीसमोर राहणाऱ्या बाई. त्यांच्या डोक्यावर दोन सुरेख शिंगं होती.

या बाई पन्नाशीच्या, एकट्या राहायच्या, आणि मोहाखाली सगळ्यांच्या आधी पोचायच्या. फोटो दाखवू की नको, असा मी दोन दिवस घोळ घातला. शेवटी दाखवला. त्यांनी तो जवळ धरला, लांब धरला.

"गुरुजी, मले शिंगं काऊन?"

मी समजावलं. पहाटे त्यांचा पाय दोरीला लागला, एक फोटो निघाला. मग गाई चरायला निघाल्या, त्यांनी तीच दोरी पुन्हा ओढली. फिल्म सरकलेली नव्हती, म्हणून बाई आणि गाय एकाच फोटोत आल्या. त्या इतक्या हसल्या की ओट्यावर बसल्या, आणि फोटो घेऊन गल्लीभर फिरून आल्या.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या दारात उभ्या. "तुमी मानसाच्या वाटेवर दोरी बांधून राह्यले. अस्वल तिथी कायले येईल? चला."

त्यांनी मला आपल्या मोहाकडे नेलं. खोडावर नखांचे ओरखडे होते, शेजारचं वारूळ उकरलेलं होतं. "इकडून येते तो. दोरी गुडघ्याएवढी बांधा, ससे खालून जातीन." मी या वेळी जाड दोरी सोडून शिवणाचा दोरा घेतला. एकदा ओढला की तुटणार, म्हणजे दुसरा फोटो त्याच्यावर चढणार नाही. बाई बघत होत्या. मग त्यांनी विचारलं, "तो किती वाजता येते, हे सांगते का तुमचा डब्बा?"

 त्याची युक्ती मला रात्री जेवताना सुचली. दुसऱ्या संध्याकाळी मी माझं टेबलावरचं घड्याळ नेऊन कॅमेऱ्यासमोरच्या दगडावर ठेवलं. तेवढे दिवस बाई दुसऱ्या झाडाखाली वेचायला गेल्या.

तिसऱ्या सकाळी दोरा तुटलेला होता. घड्याळ पालथं पडलं होतं, काचेवर चिकट लाळ, पण टिकटिक चालू. शनिवारी सकाळची शाळा आटोपून मी वडशाची एसटी धरली. डार्करूमच्या लाल उजेडात कागदावर आधी काळं धूड उमटलं, मग पांढरट तोंड, फुलं ओढून घ्यायला पुढे काढलेले ओठ. मित्र एवढ्या मोठ्याने ओरडला की बाहेर बसलेलं गिऱ्हाईक घाबरून उठलं. अस्वलाशेजारी घड्याळ स्पष्ट दिसत होतं. पाच वाजायला दहा मिनिटं कमी.

बाईंनी फोटो पाहिला आणि एकदम ओळखलं, "हाच! कान फाटका हाये."

"बाई," मी म्हणालो, "तुमच्या दाराची कडी रोज साडेचारले वाजते. मी ह्याच घड्याळात पाह्यतो. इथून मोहापर्यंत वीस मिनिटं."

त्यांनी मनात हिशेब केला. चेहरा क्षणभर उतरला. "म्हंजे मी जातो तवा तो तिथीच जेवून राह्यते?"

"नाई तर नुकताच उठून जाते."

"अन् मी झाडाखाली एकटीच गाणं म्हणत बसतो!" त्यांनी तोंडाला पदर लावला, आणि मग पुन्हा तेच हसू फुटलं.

त्या दिवसापासून त्या उजाडल्यावर, चार-पाच जणींना घेऊन, टोपल्या वाजवत जाऊ लागल्या. फुलं थोडी कमी मिळायची. नाकेदाराला त्याचा फोटो मी पोचवला. मी आणखी दोन रोल काढले. त्यात एक सायाळ आली, दोन चितळं आली आणि गाय तर पुन्हा आलीच. उजाडताना खोलीबाहेर आलो की गल्लीत बाईंचा आवाज यायचा. घाई करणाऱ्या एखादीला त्या थांबवत असायच्या, "थांब वो, त्याचं जेवन होऊ दे आधी."