सावळघाटाजवळची कुमुदची जागा

गेल्या पंधरवड्यात आपल्या या भटकंतीच्या ग्रुपवर ‘काकांना चकवा लागला’ या मथळ्याची एक पोस्ट आली. तिच्याखाली अनेकांनी हात जोडल्याच्या खुणा टाकल्या, काहींनी हसण्याच्या. त्या पोस्टमधील काका म्हणजे मी. वय चौऱ्याहत्तर, राहणार नाशिक, चष्मा आहे, स्मरणशक्ती शाबूत आहे. पोस्ट लिहिणारा निखिल सज्जन आहे आणि त्याचा हेतू चांगला होता, हे मी मान्य करतो. परंतु त्याच्या मजकुरात चुका आहेत, आणि एक गोष्ट त्याने मुद्दाम गाळली आहे. त्यासाठी हा खुलासा.

प्रथम चकव्याविषयी. रानात एखाद्या ठिकाणी पाय पडला की माणूस दिशा हरवतो आणि फिरून फिरून तिथेच येतो, असे लोक मानतात. सर्वेक्षणाच्या नोकरीत चौतीस वर्षे मी पेठ, सुरगाणा, हरसूलचे डोंगर पायाखाली घातले. माझे मत असे, की उन्हात पाणी न पिता चालणाऱ्याला चकवा लागतो. मी पाणी पितो. भूतखेत, झपाटलेली झाडे, अंगात येणे यांवर माझा विश्वास नव्हता... आणि पुढे जे सांगणार आहे ते घडल्यानंतरही नाही.

मी आणि माझी पत्नी कुमुद सुट्टी मिळाली की डोंगरात मुक्कामाला जात असू. तंबूचे भाडे घेणारे आणि धरणाकाठी दिव्यांच्या माळा लावणारे तेव्हा नव्हते, आणि असते तरी आम्ही तिथे गेलो नसतो. आम्हाला फुकटची आणि उघडी जागा हवी असे — गेट नाही, नळ नाही; केवळ पाणी, सावली आणि दोन माणसांना आडवे होता येईल एवढी सपाटी. नकाशावर जागा हेरायची, पाड्यावर जाऊन ज्याचा माळ त्याला विचारायचे, वनहद्द असेल तर आधी कचेरीतून परवानगी आणायची.

याबाबतीत माझे नियम कडक होते. जागेचा पत्ता कोणाला द्यायचा नाही, आणि निघताना आपली खूण मागे ठेवायची नाही. चुलीचे तीन दगड जिथून उचलले तिथेच, काजळीची बाजू जमिनीकडे करून ठेवायचे. राख पाण्यात कालवून झुडपांखाली पसरायची. दबलेले गवत हाताने उभे करायचे. कुमुद हे काम माझ्याहून नीट करी. तिने आवरलेल्या जागेवर पुढच्या वर्षी चूल कुठे मांडली होती, ते मला स्वतःला ओळखता येत नसे.

आता मूळ प्रसंग. नाशिकहून पेठच्या रस्त्याने जाताना सावळघाट उतरण्यापूर्वी डाव्या हाताला एक पाडा आहे. पाड्याच्या डोक्यावर डोंगराची एक सोंड उतरते. साधारण तीस वर्षांपूर्वी त्या सोंडेला वळसा कोणत्या बाजूने घालावा, यावरून आमचा वाद झाला. मी डावी बाजू म्हणालो, ती उजवी. दोघेही हट्टी. शेवटी आपापल्या बाजूने जाऊन पाड्यावर भेटायचे ठरले. मी दोन वाजता पोहोचलो. ती पाच वाजता आली, चेहरा उन्हाने लाल.

“सापडली,” ती म्हणाली.

“काय?”

“जागा. तुमच्या नकाशात नसलेली.”

तिने सगळे तपशीलवार सांगितले. कातळाचा कोपरा ओलांडला की सपाटी. पावलांनी मोजली — नऊ लांब, सहा रुंद. मागे कातळ, त्याच्या फटीतून झिरपणारे पाणी, खाली ओंजळभर कुंड. वर वाकलेला हिरडा. तिने तिथे चूल मांडून चहा केला होता.

मी नकाशा उघडला. त्या बाजूला उंचीच्या रेषा फणीच्या दातांसारख्या दाटल्या होत्या. “इथे सपाटी असूच शकत नाही,” मी म्हणालो.

“अहो, मी बसले तिथे.”

“बसली असशील कुठेतरी.”

“चहा केला.”

“उद्या चूल दाखव.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दुपारपर्यंत शोधले. उभा उतार, वाळलेली कारवी आणि पायाखालून निसटणारे दगड, याखेरीज तिथे काही नव्हते. मी विचारले, “काही खूण ठेवली होतीस?”

“खूण ठेवायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत ना?”

“सोयीचं आहे,” मी म्हणालो.

हे शब्द माझे आहेत. ते जसेच्या तसे लिहितो आहे.

पुढची तीस वर्षे मी ही गोष्ट सांगितली. लग्नकार्यात सांगितली, कचेरीत सांगितली, या ग्रुपच्या मेळाव्यातही सांगितली. तुमच्यापैकी अनेकांनी ती ऐकली आहे. आमच्या घरात किल्ली सापडेनाशी झाली की मी म्हणे, “कुमुदच्या जागेवर असेल.” लोक हसत. सुरुवातीला तीही हसे. नंतर नंतर मी गोष्ट सुरू केली की ती चहाचे बघायला उठू लागली. ते माझ्या लक्षात येत होते. तरी सांगत राहिलो, कारण गोष्ट रंगत असे.

कुमुद जाऊन दोन वर्षे झाली. निखिलने लिहिले आहे की काका ‘काकूंची शेवटची इच्छा’ पूर्ण करायला गेले. हे साफ खोटे. तिने अशी कोणतीही इच्छा व्यक्त केली नव्हती. शेवटच्या आजारात त्या जागेचे नावही काढले नाही. झाले ते इतकेच, की गेल्या फाल्गुनात एका सकाळी माझा चष्मा सापडत नव्हता आणि सवयीने मी ते वाक्य मोठ्याने म्हणालो. घरात कोणी नव्हते. चष्मा मिळाल्यावरही मी बराच वेळ उभाच होतो. मग निखिलला फोन केला.

निखिल, त्याची बायको सायली आणि मी असे तिघे गेलो. गाडी काशिनाथच्या अंगणात लावली. काशिनाथ त्या पाड्यावरचा शेतकरी, भात आणि नागली करतो, माझ्याहून थोडा लहान. आमची ओळख जुनी. ‘फोनला रेंज नव्हती’ असे निखिलने लिहिले आहे, ते मला सांभाळून घेण्यासाठी. खरे म्हणजे फोन मी गाडीत ठेवायला लावले होते. “काका, लोकेशन तरी चालू ठेवतो, शेअर नाही करत,” तो म्हणाला. मी नाही म्हणालो. सायली हसून म्हणाली, “चल रे, काकांच्या राज्यात जीपीएसला बंदी आहे.”

या वेळी आम्ही उजव्या बाजूने निघालो. बाराच्या सुमारास ती दोघे एका ऐनाच्या झाडाखाली टेकली. सायली संत्रे सोलू लागली. मी म्हणालो, जरा पुढचे बघून येतो. कातळाच्या कोपऱ्याला हात टेकून वळलो...

आणि समोर सपाटी होती.

धुके नव्हते, वारा पडला नव्हता, पक्षी गप्प झाले नव्हते. भर दुपारचे स्वच्छ ऊन होते. मागे कातळ, फटीत ओल, खाली ओंजळभर पाणी. वर हिरडा. मी प्रथम काय केले असेल तर पावलांनी जागा मोजली. नऊ आणि सहा. तेव्हा मला वाटले, आपण चुकतो आहोत. कुमुद माझ्याहून बरीच बुटकी, तिची नऊ पावले म्हणजे माझी सात भरायला हवीत. पुन्हा मोजली. पुन्हा नऊच. मग ध्यानात आले, की म्हातारपणाने माझे पाऊल आता तिच्याएवढे झाले आहे.

पाठीवरच्या पिशवीत पातेले आणि चहाचे सामान होते. चुलीसाठी कातळाजवळचे तीन दगड उचलले. तिन्ही दगडांची जमिनीकडची बाजू काळी होती.

कोणी म्हणेल, गुराख्याची चूल असेल. मी आयुष्यभर गुराख्यांच्या चुली पाहिल्या आहेत. ते दगड उलटे करून ठेवत नाहीत. तशी पद्धत त्या डोंगरात दोनच माणसांची होती.

मी त्याच दगडांवर चहा केला. प्यायलो. बसलो. काय वाटले ते इथे लिहिणार नाही. हिरड्याची सावली माझ्या उजव्या गुडघ्यावरून सरकून डाव्या बाजूला गेली. माझ्या हिशेबाने दीड तास तरी झाला. मग त्या दोघांना बोलवावे म्हणून उठलो, आणि उठताना मी जे केले त्याला मूर्खपणाच म्हणावे लागेल. मी चूल आवरली. दगड होते तिथे पालथे ठेवले, राख कालवून पसरली, गवत हाताने उभे केले. चाळीस वर्षांची सवय. डोक्याला विचारून हात चालत नाहीत.

कोपरा वळून मागे आलो. ती दोघे तिथेच होती. सायलीच्या हातात तेच अर्धे सोललेले संत्रे.

“आलात? वीस मिनिटं तरी झाली,” निखिल म्हणाला. “आता उठणारच होतो तुम्हाला बघायला.”

मी त्यांना घेऊन कोपरा वळलो. उभा उतार. कारवी. पायाखालून दगड निसटले. दोन तास आम्ही ती बाजू वरखाली पालथी घातली.

“काका, ऊन लागलंय तुम्हाला. बसा जरा सावलीत.”

“मी तिथे चहा केला, निखिल.”

“बरं. मग चूल असेल ना कुठेतरी?”

“खूण ठेवायची नसते,” मी म्हणालो.

म्हणालो, आणि माझा मलाच तो आवाज ऐकू आला. यावर काय उत्तर येते ते मला ठाऊक होते. पण निखिल माझ्याहून सभ्य आहे; तो काही बोलला नाही.

परतताना सायलीने माझी पिशवी घेतली आणि पातेले बाहेर काढले. “अरे, ह्याला काजळी आहे. ओली आहे.”

“जुनं असेल पातेलं,” निखिल म्हणाला.

माझ्या घरातली भांडी मी स्वतः घासतो. इतकेच नमूद करतो.

आता निखिलने गाळलेली गोष्ट. काशिनाथने ‘चकवा’ हा शब्द उच्चारल्याचे पोस्टमध्ये आहे. तो शब्द निखिलचा, अंगणात पाणी पिताना थट्टेने उच्चारलेला. काशिनाथ एवढेच म्हणाला, “बाबा, तिथं सपाट नाय. त्या अंगाला मी ढोरं चारलीत. लय उतार हाय.” मग म्हणाला, “बाई पण असंच सांगत व्हती.”

“तीस वर्षांपूर्वी. मी होतोच की बरोबर.”

“तवाचं नाय. त्याच्यामागून. तीन डाव आली. येष्टीनं. एकटी.”

मी म्हणालो, शक्य नाही. कुमुद एकटीने कधी प्रवास करत नसे, फार तर देवळ्याला बहिणीकडे जाई.

दारातून काशिनाथची बायको म्हणाली, “देवळ्याला जाते सांगून आलेय, असंच म्हनायची बाई. सकाळच्या गाडीनं यायची. दिसभर त्या अंगाला फिरायची. माझ्याकडं भाकर खायची नि संध्याकाळच्या गाडीनं नाशिक. एक डाव पाय लय सोलला व्हता, हळद लावली म्या.”

ती जखम मला आठवते. बहिणीच्या शेतात पाय घसरला, असे तिने मला सांगितले होते.

“मला का नाही सांगितलंस, काशिनाथ? इतकी वर्षं येतोय मी तुझ्याकडे.”

काशिनाथ माझ्याकडे न पाहता म्हणाला, “बाई बोलली, त्यांना सांगू नको दादा. तिसऱ्यांदा बी सापडली नाय कळलं, तर अजून हसतील.”

निखिलने हे दयेने गाळले. मला दया नको आहे. ऐकले ते पडताळून पाहणे हा माझा पेशा होता, म्हणून घरी येऊन मी देवळ्याला मेहुणीला फोन केला. ती म्हणाली, “त्या वर्षांत ती कुठली यायला, भाऊजी? मी किती बोलवायचे. आम्हाला वाटायचं, तुम्ही पाठवत नाही.”

त्यानंतर मी चार वेळा तिथे गेलो. दोनदा एकटा, एकदा काशिनाथला घेऊन, एकदा होकायंत्र, फीत आणि निखिलचे जीपीएस घेऊन. जागा सापडली नाही. ऊन, वय, एकटेपणा, ही कारणे तुम्ही सुचवाल; ती मीही तपासली आहेत. त्यांनी पातेल्याच्या काजळीचा उलगडा होत नाही, आणि दगडांच्या काळ्या बाजूंचा तर नाहीच. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. तुमच्याकडे असेल तर जरूर लिहा, मी वाचेन आणि बहुधा वाद घालेन.

मात्र एक दुरुस्ती करावी, ही विनंती. ‘कुमुदची जागा’ ही गोष्ट माझ्या तोंडून ऐकून तुमच्यापैकी ज्यांनी कुठे पुढे सांगितली असेल, त्यांनी तिथे परत जाऊन सांगावे, की ती चुकीच्या माणसाने सांगितली होती. जागा आहे. नऊ पावले लांब, सहा रुंद. ती का सापडते आणि का नाही, हे मला कधी कळेल असे वाटत नाही. पण देवळ्याला जाते म्हणून घरून निघालेली माझी बायको तीनदा त्या उतारावर दिवसभर काय शोधत होती, याचे स्पष्टीकरण मला कोणी देण्याची गरज नाही. ते मला ठाऊक आहे.