शोकेसमधले योयो आणि कलकत्त्याचे चार दिवस

कलकत्त्याला कोणी कालीच्या दर्शनाला जातं, कोणी मिठाई खायला. मी योयो खेळायला गेले होते. घरी मात्र "दादाकडे जाऊन येते" एवढंच सांगितलं, कारण तिशी उलटलेली शाळामास्तरीण योयो जमवते हा आमच्या नागपुरात चेष्टेचाच विषय होता. गोष्ट सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची. तेव्हा तिथली भाडी आणि रस्ते यांबाबत माझ्यावर विसंबू नका; माझी माहिती पन्नास वर्षं शिळी आहे.

योयोचं वेड मला आणि सुधाकरदादाला एकदमच लागलं. आमचे वडील, आप्पा, शाळेत सुतारकाम शिकवायचे. उरलेल्या शिसवाच्या तुकड्यातून त्यांनी लेथवर एक योयो काढला. त्याची एक बाजू किंचित जड झाली. त्यामुळे खाली सोडला की तो डावीकडे कलायचा, आणि कलायच्या आत मनगट जरासं बाहेर फिरवावं लागायचं. हे फक्त आम्हा दोघांच्या हाताला माहीत होतं. नीट सोडला तर दोरीच्या टोकाशी तो फिरत राहायचा, आणि त्याची बारीक घरघर बोटापर्यंत यायची. "झोपला बघ," आप्पा म्हणायचे. दोरी ज्याची त्याच्या कमरेच्या उंचीएवढीच कापायची, हा त्यांचा नियम. आप्पा गेले, दादा रेल्वेत लागून कलकत्त्याला गेला, आणि तो योयो त्याच्याबरोबर गेला. आता दादाने कळवलं होतं की त्याच्याकडे तीसेक योयो झालेत, आप्पांचाही आहे, ये. मी नाताळच्या सुट्टीत निघाले.

हावडा मेल, थर्ड क्लासचा स्लीपर. माझे सात योयो बिस्किटांच्या डब्यात, तो डबा उशाशी. रायपूरला पुरीभाजी बरी मिळाली, टाटानगरचा चहा मात्र घेऊ नका. हावड्याला उतरल्यावर हमालाशी आधी ठरवून घ्या, मग सामान उचलू द्या. मी उलटं केलं आणि भांडण झालं. दादा आला नव्हता, त्याने ऑफिसचा शिपाई पाठवला होता. पूल ओलांडून, दोन बस बदलून गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरला पोहोचेपर्यंत नदीचा वास आणि कोळशाचा धूर माझ्या साडीत मुरले होते.

बैठकीच्या खोलीत काचेचं शोकेस होतं. आत तीन फळ्यांवर योयो मांडलेले. लाखेचे, पत्र्याचे, प्लॅस्टिकचे, एक तर हस्तिदंती रंगाचा इतका देखणा की मी चप्पल न काढताच पुढे गेले. एकालाही दोरी नव्हती.

"दोऱ्या कुठायत?" मी विचारलं.

"दोऱ्यांना धूळ धरते हो वन्सं," वहिनी म्हणाल्या. "आणि यांचे साहेब येतात ना बघायला. मागच्या वेळी तर बाईसाहेबांनाही घेऊन आले होते."

संध्याकाळी दादा आला, जाडसर झालेला, चष्मा लावून. किल्ली मागितली तर म्हणाला, "उद्या. आत्ताच तर आलीयेस." दुसऱ्या दिवशीही उद्याच होता.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी एकटीच कालीघाटला गेले. ट्रामने जा, खिडकीशी बसा. गाडी रमतगमत जाते आणि शहर आपसूक दिसतं. देवळाच्या गल्लीत लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत. तिथे लाल-पिवळा योयो दिसला, दोरी मधल्या आसाला गच्च बांधलेली. असा योयो खाली जातो आणि लगेच उसळून परत येतो, झोपत नाही. मी चारदा टाकला. हलका, फटकन हाताला लागणारा, तरीही जिवंत. दुकानदार हसला. "दीदी, ओटा बाच्चादेर!" मुलांचं खेळणं आहे, हे मला बंगालीतूनही ऐकायला मिळालं. मी घेतला आणि समोर नव्या गुळाचा संदेश खाल्ला. तो इतका मऊ होता की क्षणभर दादावरचा रागही विसरले. तेवढाच क्षण.

तिसऱ्या दिवशी रविवार. दादाने स्वतःहून शोकेस उघडलं आणि आप्पांचा योयो माझ्या हातात दिला. मी दोरी तयारच ठेवली होती. फास घालायला गेले तर दोरी आत जाईना. वरून चकचकीत पॉलिश, मधली खाच लाखेने भरलेली, खाली पितळी बैठक चिकटवलेली.

"उभा राहत नव्हता," दादा म्हणाला. "सारखा एका बाजूला कलायचा. मिस्त्रीकडून पक्का करून घेतला."

"तो कलायचाच दादा! तसाच होता तो!"

"अगं, पण दिसतो किती छान."

मला रडू आलं आणि रडू आल्याचाही संताप आला. वहिनी चहा घेऊन आल्या. दादाने माझा बिस्किटांचा डबा उघडला, निळ्या पत्र्याचा माझा लाडका योयो उचलला आणि म्हणाला, "हा वरच्या फळीवर शोभेल. तू खेळून खराब करशील." मी तो त्याच्या हातून काढून घेतला. निघायच्या आदल्या संध्याकाळी मात्र मला वाटलं, हाताला आठवत असेल त्याच्या. मी निळ्या योयोला नवी दोरी घातली.

चौथ्या दिवशी हावड्याला तो स्वतः सोडायला आला. गाडी लागलेली होती. मी योयो त्याच्यापुढे धरला. "एकदा टाक. मग ठेव तुलाच."

त्याने फास बोटात घातला. मनगट वळलं, तेच जुनं वळण. तेवढ्यात मागून कोणीतरी "नमस्कार साहेब" म्हणालं. दादाने हात खिशात घातला, योयोसकट, आणि वळून त्या माणसाशी बोलत उभा राहिला. गाडी हलली तेव्हाही तो बोलतच होता.

नागपूरला आले. आईने विचारलं, काय पाहिलंस? ट्राम म्हटलं. डब्यात माझे सहा आणि कालीघाटचा एक. आप्पांचा योयो आजही माझ्या मनगटात आहे. कधी रिकामाच हात खाली सोडते आणि बाहेर वळवते. बाकी त्या प्रवासातून हाती काही लागलं नाही, आणि लागलं असं म्हणायची माझी इच्छाही नाही.

महिन्याभराने दादाचं कार्ड आलं. निळा योयो वरच्या फळीवर ठेवलाय, साहेबांना फार आवडला. दोरी लोंबत होती म्हणून काढून टाकली.

ती दोरी मी त्या संध्याकाळी, तो दाराशी पाठमोरा उभा असताना, त्याच्या कमरेच्या उंचीचं माप धरून कापली होती.